पर्जन्यवनातून कॅरिबियन किनाऱ्याकडे



पाठीवर बोजा बांधून मित्रांसमवेत रानावनांतून हिंडण्याची हौस आपल्या तरुणांना नवी नाही. आंबोलीचा घाट किंवा चोर्ल्याचे रान भर पावसात तुडविणारी मंडळी आपण दरवर्षी पाहतो. अशा हौशी प्रवाशांना जगाच्या कानाकोपऱ्यांतून ओढून घेणारा एक लहानसा देश मध्य अमेरिकेत आहे. त्याचे नाव कोस्टा रिका. विस्ताराने तो महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढा. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र आणि मध्ये उंच पर्वतांची रांग. १९४८ साली या देशाने आपले सैन्यच विसर्जित केले, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज आपण चार मित्र या देशाच्या कॅरिबियन बाजूने पायी निघालो आहोत, अशी क्षणभर कल्पना करू या.

प्रथम तेथील पावसाची रीत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येणारे वारे सह्याद्रीला अडतात आणि कोकणपट्टी भिजते. तेथे ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे कॅरिबियन समुद्रावरील बाष्प घेऊन पर्वताला धडकतात. परंतु आपला पाऊस चार महिने कोसळून निरोप घेतो. तेथे मात्र वर्षाचा एकही महिना पूर्णपणे कोरडा जात नाही. उत्तरेकडील तोर्तुगेरो या भागात वर्षाकाठी सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. गंमत अशी, की सप्टेंबर-ऑक्टोबरात पॅसिफिक बाजू चिंब भिजत असते, तेव्हा ही कॅरिबियन बाजू त्यामानाने उघडी असते. म्हणून ज्याला येथे हिंडायचे त्याने साऱ्या देशाचे एकच पंचांग धरून चालू नये.

सान होसे ही राजधानी सोडून पूर्वेकडे उतरू लागले, की रस्ता घनदाट पर्जन्यवनातून जातो. वर वृक्षांच्या शेंड्यांचे छत इतके दाट, की जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा शेकडा एक-दोन हिस्साच पोहोचतो. म्हणूनच अनेक वनस्पतींनी जमीन सोडून उंच फांद्यांवर बिऱ्हाड केले आहे. अननसाच्या जातकुळीतील काही वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात पावसाचे पाणी साठते. तांबड्या रंगाची नखाएवढी विषारी बेडकी आपली पिल्ले एकेक करून पाठीवर घेते, झाडावर चढते, त्या इवल्याशा तळ्यांत त्यांना सोडते आणि पुढे कित्येक आठवडे तेथे परत येऊन आपलीच निष्फळ अंडी त्यांना खाऊ घालते. आई हा शब्द वापरताना आपण जो अर्थ मनात धरतो, तो या बेडकीलाही नाकारता यावयाचा नाही.

अशा रानात चालताना धाडसापेक्षा शिस्त अधिक उपयोगी पडते. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावे. त्यात एक कोरडा पोशाख पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधलेला असावा, कारण बाकीचे सर्व भिजणारच. पायांत उंच रबरी बूट हवेत. तेथील टेर्सिओपेलो नावाचा सर्प पालापाचोळ्यात बेमालूम मिसळून पडलेला असतो. त्याच्यावर नकळत पाय पडला, की दंश होतो. यावरील लस त्या देशातच तयार होते. क्लोडोमिरो पिकाडो संस्था १९७० पासून हे काम करीत आली आहे. पण लस रुग्णालयात असते आणि आपण रानात असतो. म्हणून वाटाड्या बरोबर घ्यावा, ओंडका ओलांडण्यापूर्वी पलीकडे पाहावे आणि चौघांत जो सर्वांत हळू चालतो त्याला पुढे ठेवावे. जो मागे पडतो त्याची चेष्टा करणारी टोळी मैत्रीच्या नावाखाली संकट ओढवून घेते.

वाटेच्या अखेरीस होडी लागते, कारण तोर्तुगेरोला मोटारीचा रस्ता जात नाही. या गावाचे नावच कासवावरून पडले आहे. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हिरव्या सागरी कासवांच्या माद्या रात्री या वाळूवर चढतात, खड्डा करतात आणि एका वेळी सुमारे शंभर अंडी घालून समुद्रात परततात. दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या अधिक निपजतात, त्यामानाने थंड असेल तर नर. १९५० च्या दशकात आर्ची कार हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ येथे आले, तेव्हा किनाऱ्यावर चढलेली कासवे उलटी करून मांसासाठी नेण्याचा धंदा जोरात चालू होता. त्यांच्या कार्यातून १९५९ साली कासवांच्या संरक्षणासाठी एक संस्था उभी राहिली आणि १९७० च्या दशकात येथे राष्ट्रीय उद्यान झाले. आज परवानाधारक वाटाड्याशिवाय रात्री या वाळूवर जाता येत नाही. छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. पूर्वी कासवे धरणाऱ्या घरांतील माणसेच आता कासवे दाखवून पोट भरतात. नुसत्या बंदीने जे साधले नसते, ते पोटाची सोय झाल्याने साधले.

दक्षिणेकडे वळले, की लिमोन बंदर लागते आणि देशाची भाषा, अन्न व चेहरे बदलतात. १८७१ साली राजधानीपासून या बंदरापर्यंत लोहमार्ग घालण्यास आरंभ झाला. तो पुरा होण्यास १८९० साल उजाडले. त्या दलदलीत हजारो मजूर ज्वरांनी दगावले. काम करणाऱ्यांत मोठा भरणा जमेका बेटावरील कृष्णवर्णीयांचा होता. लोहमार्गाच्या कडेला केळीच्या बागा लागल्या आणि ही माणसे तेथेच स्थिरावली. स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथॉलिक देशाच्या या एका पट्टीत म्हणूनच इंग्रजीची एक बोली ऐकू येते आणि बॅप्टिस्ट व मेथॉडिस्ट प्रार्थनामंदिरे दिसतात. परंतु ज्यांच्या घामावर देशाचा व्यापार उभा राहिला, त्यांना पूर्ण नागरिकत्वाचा मार्ग १९४९ च्या राज्यघटनेनंतरच मोकळा झाला.

या लोकांचे आवडते जेवण म्हणजे नारळाच्या दुधात शिजविलेला भात आणि घेवड्याचे दाणे. आपल्या गोमंतकीय किंवा कोकणी माणसाला तो वास ओळखीचा वाटेल, आणि त्याला कारणही आहे. अटलांटिक बाजूला नारळ मुळात नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदी महासागराकडून तिकडे नेला. उलट दिशेने त्यांच्याच गलबतांतून ब्राझीलचा काजू आपल्याकडे आला. नारळ त्यांनी आपला मानला, काजू आपण आपला मानला. समुद्राने ही उसनवारी कधीच फेडून घेतली नाही.

लिमोनच्या दक्षिणेस काउइता हे गाव आहे. येथे एका बाजूला अरण्य आणि दुसऱ्या बाजूला लाटा, अशी सुमारे आठ किलोमीटरांची पायवाट आहे. झाडांवर माकडे, फांदीला लोंबकळणारा आळशी स्लॉथ, जो आठवड्यातून सुमारे एकदाच मलविसर्जनासाठी खाली उतरतो. आणि पाण्याखाली प्रवाळांची भिंत. पोहणाऱ्याने मात्र येथे सावध असावे. किनाऱ्यावर चढलेले पाणी कधी अरुंद प्रवाहाने वेगाने माघारी जाते आणि माणसाला आत ओढते. अशा वेळी किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहून त्या प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे.

या प्रवाळभिंतीची कहाणीच आजच्या भाषणाचे सार आहे. २२ एप्रिल १९९१ रोजी लिमोनच्या परिसरात प्रचंड भूकंप झाला. किनाऱ्याचा काही भाग मीटरभर, कोठे त्याहूनही अधिक, वर उचलला गेला आणि उघडे पडलेले प्रवाळ उन्हात मेले. तो निसर्गाचा आघात. परंतु त्यापूर्वीच शास्त्रज्ञांना दिसून आले होते, की डोंगरांवरील झाडे तुटल्याने व खोऱ्यांत शेतमळे वाढल्याने नद्यांचा गाळ समुद्रात येतो आणि प्रवाळांना गुदमरवितो. अरण्य आणि सागर ही आपण दोन स्थळे मानतो. प्रत्यक्षात ते एकच घर आहे. वरच्या मजल्यावर कुऱ्हाड चालली, की खालच्या मजल्यावर धूळ पडते.

समाधानाची गोष्ट अशी, की या देशाने कुऱ्हाड आवरली. १९४० च्या दशकात देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाच्छादित होता. गुरांच्या कुरणांसाठी बेसुमार तोड होऊन १९८० च्या दशकात तो चौथ्या हिश्शाच्या आसपास घसरला. पुढे मांसाचे भाव उतरले, पडीक कुरणांवर पुन्हा रान उगवू लागले आणि १९९६ च्या वनकायद्याने रान राखणाऱ्या जमीनमालकाला सरकारकडून पैसे मिळू लागले. त्यासाठी इंधनावरील कराचा एक हिस्सा राखून ठेवण्यात आला. आज पुन्हा अर्ध्याहून अधिक देश वनांनी झाकला आहे. शतकानुशतकांच्या वृक्षांची जागा तीस वर्षांचे रान घेऊ शकत नाही, हे खरे. पण दिशा बदलली, हेही खरे.

मग आपण चौघांनी तेथून काय घेऊन यावे? शंख नको, प्रवाळाचा तुकडा नको. एवढी समज आणावी, की जो प्रवासी गावातल्या खानावळीत जेवतो, गावचा वाटाड्या घेतो आणि त्याचे ऐकतो, तो रान राखणाऱ्यांच्या पंक्तीला बसतो. बाकीचे केवळ रान तुडवून येतात. आणि ही समज वापरण्यास सातासमुद्रापलीकडे जावे लागत नाही. गोव्यात मोरजी व गालजीबाग येथील वाळूवर दर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालावयास येतात. ज्या रात्री ती वर चढतात, त्या रात्री आपला दिवा विझलेला असावा आणि आपले पाऊल त्यांच्या वाटेत नसावे. एवढे साधले, तर पाठीवरचे ओझे वाहिल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.