इटालियन काट्यावर कॉव्हेंट्रीची गाडी

ज्या मोटारीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे बसवलेले असते, तिला मध्य-इंजिनाची मोटार म्हणतात. गाडीतील सर्वांत जड वस्तू मधोमध आल्यामुळे ती वळणावर चटकन वळते आणि मागच्या चाकांवर पुरेसा भार पडून त्यांची पकड वाढते. मात्र या सोयीची किंमत आत बसणाऱ्याला मोजावी लागते, कारण पाठीशी भट्टीसारखी धग, कानाशी इंजिनाचा गोंगाट, मागच्या काचेतून जेमतेम दिसणारा रस्ता आणि सामानाला एखाद्या पिशवीपुरती जागा, हे सारे त्याच रचनेतून ओघाने येते. शर्यतीच्या मैदानावर याची तक्रार कोणी करीत नाही. तीच गाडी प्रचंड किमतीला रस्त्यासाठी विकायला काढली, की गैरसोयीला दोष म्हणायचे की गुण, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मोटार-समीक्षकांनी गेली साठ वर्षे इटलीकडे पाहून दिले आहे. मोडेना शहराच्या परिसरातील मारानेल्लो येथे फेरारी आणि तेथून जवळच सांताआगाता येथे लँबोर्गिनी या दोन कारखान्यांनी जो काटा तयार केला, त्यावर पुढे इतर सर्वांच्या गाड्या तोलल्या गेल्या. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराची जॅग्वार कंपनी या काट्यावर तीन वेगवेगळ्या काळांत चढू पाहत होती, आणि तिन्ही वेळा तिच्या वाट्याला जे आले ते केवळ यंत्रशास्त्राने उलगडत नाही.

मोटारीवर टीका करण्याच्या धंद्याचेही कॉव्हेंट्रीशी जुने नाते आहे. सायकलींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल १८८५ मध्ये आली आणि १८९६ मध्ये डेमलर कंपनीने मोटारींचा उद्योग रुजवला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८९५ रोजी, इलिफ या छापखानदार घराण्याने ‘द ऑटोकार’ हे साप्ताहिक येथून सुरू केले होते. म्हणजे शहरात मोटारी तयार होण्याआधीच त्यांच्याविषयी मत देणारे नियतकालिक निघाले होते. याच साप्ताहिकाने १९२८ मध्ये ‘रोड टेस्ट’ ही पद्धत रूढ केल्याचा दावा केला जातो. त्यात कंपनीचे आकडे जसेच्या तसे न छापता परीक्षक स्वतः गाडी चालवून तिचा वेग, ब्रेक आणि इंधनाचा खप मोजतो व त्यावर आपले मत लिहितो. आकडा आणि मत यांची एकाच पानावर घातलेली ही सांगड पुढे कॉव्हेंट्रीच्याच गाडीला महाग पडली.

१९६६ च्या मार्च महिन्यात दोन गोष्टी घडल्या. जिनिव्हाच्या प्रदर्शनात लँबोर्गिनीने मिउरा ही गाडी मांडली, आणि कॉव्हेंट्रीत जॅग्वारची एक्सजे१३ ही गाडी प्रथमच स्वतःच्या चाकांवर धावली. दोन्हींत चालकामागे बारा सिलिंडरचे इंजिन होते. मिउराची कल्पना जानपाओलो दल्लारा आणि पाओलो स्तान्झानी या तिशीही न गाठलेल्या अभियंत्यांनी कामाचे तास संपल्यावर, मालक फेरुच्चो लँबोर्गिनी यांचे मन वळवण्याच्या आशेने, रात्री बसून रेखाटली होती, तर तिच्या देहाचा आकार बेर्तोने या संस्थेतील मार्चेल्लो गांदिनी यांचा होता. ३.९ लिटरचे इंजिन आडवे बसवून त्याच्याच ओतीव सांगाड्यात गिअरबॉक्स सामावून घेतल्यामुळे गाडी आखूड झाली. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी दोष लपवले नाहीत: वेग वाढला की नाकाचा भाग हवेने उचलला जाऊन स्टिअरिंग हलके पडते, आतली उष्णता असह्य होते, आणि इंजिन व गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत असल्याने यंत्राच्या आयुष्याची काळजी वाटते. तरीही याच गाडीच्या निमित्ताने ‘सुपरकार’ हा शब्द रूढ झाला आणि त्याचे श्रेय बहुधा ब्रिटिश समीक्षक एल. जे. के. सेटराइट यांना दिले जाते. दोष नोंदवायचे आणि ते सौंदर्याच्या खात्यात वळते करायचे, हा रिवाज येथपासून पडला.

एक्सजे१३ चे नशीब वेगळे होते. विल्यम हेन्स यांच्या देखरेखीखाली, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बांधलेल्या या गाडीची वक्रे माल्कम सेयर यांनी आखली होती. ब्रिस्टल विमान कंपनीतून आलेले सेयर गाडीचा आकार डोळ्यांच्या अंदाजाने न घडवता गणिताने काढत. पाच लिटरच्या इंजिनाची शक्ती ५०० अश्वशक्तीच्या थोडी वर होती. त्याच वर्षी जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली, शर्यतीचा बेत लांबत गेला, आणि १९६८ पासून अशा गाड्यांच्या इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आल्यावर त्या बेतात काही अर्थच उरला नाही. दरम्यान १९६७ मध्ये डेव्हिड हॉब्स यांनी कॉव्हेंट्रीच्या उत्तरेस नन्यिटनजवळ असलेल्या मायरा या चाचणी-मैदानावर ताशी सुमारे २६० किलोमीटरच्या सरासरीने फेरी मारली. गाडी एकच बनली आणि तीही आच्छादनाखाली राहिली. २१ जानेवारी १९७१ रोजी, जॅग्वारच्या नव्या इंजिनाच्या जाहिरातपटाचे चित्रीकरण चालू असताना, मायराच्या त्याच मैदानावर तिचे चाक निकामी होऊन ती कोलांट्या खात गेली. चालक नॉर्मन डेविस आत खाली दबून बसल्यामुळे सुखरूप वाचले. दुरुस्त झालेली गाडी सर्वसामान्य लोकांनी पाहिली ती १९७३ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे, म्हणजे मिउराचे उत्पादन संपण्याच्या वर्षी. तिच्याविषयी आज जे गोड लिहिले जाते, त्यात एकाही समीक्षकाने ती ऐन तिच्या काळात रहदारीत चालवून पाहिली नव्हती, या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

पुढचा प्रयत्नही कामाच्या वेळेबाहेर जन्मला. जॅग्वारचे मुख्य अभियंता जिम रँडल यांनी १९८७ च्या नाताळच्या सुट्टीत घरी बसून एका गाडीची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली, आणि मग बारा सहकारी शनिवार-रविवारी विनामोबदला तिच्यावर खपू लागले. हा गट ‘सॅटर्डे क्लब’ या नावाने ओळखला जातो. सांताआगाताच्या रात्री आणि कॉव्हेंट्रीचे शनिवार यांत हे साम्य होते. कीथ हेल्फेट यांनी घडवलेली ती गाडी १८ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात उभी राहिली, तेव्हा तिच्यात ६.२ लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा आणि वर उघडणारे दरवाजे होते. एक्सजे२२० या नावातील आकडा ताशी २२० मैलांचे, म्हणजे सुमारे ३५४ किलोमीटरचे उद्दिष्ट सांगत होता. नावातच आकडा कोरून ठेवणे हे धाडसाचे खरे, पण त्यामुळे टीकाकाराच्या हाती आयती फूटपट्टी पडली.

१९८९ च्या अखेरीस विक्री जाहीर झाली: ३५० हून अधिक गाड्या निघणार नाहीत, किंमत २,९०,००० पौंड आणि आगाऊ अनामत ५०,००० पौंड. तेजीच्या त्या दिवसांत रांगेतील जागाच नफ्याने विकण्याच्या इराद्याने नोंदणी करणारेही पुष्कळ होते. मात्र जॅग्वार आणि टॉम वॉकिन्शॉ यांची शर्यत-संस्था मिळून ऑक्सफर्डशायरमधील ब्लॉक्सम येथे गाडी प्रत्यक्ष बांधायला बसल्यावर बारा सिलिंडरचे इंजिन लांब व जड ठरले आणि धुराच्या नियमांत बसवणेही अवघड दिसले. त्याऐवजी साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आले, ज्याचे मूळ मेट्रो ६आर४ या छोट्या रॅली-मोटारीत होते आणि ज्याला दोन टर्बो जोडलेले होते; टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा व इंजिनात अधिक हवा दाबून भरणारा पंखा. शक्ती ५४२ अश्वशक्ती, म्हणजे रोकडा हिशेब पाहता कमी झालेले काहीच नव्हते. चारचाकी यंत्रणा वजनासाठी वगळली गेली. त्यातच, त्याच संस्थेने त्याच सुमारास बारा सिलिंडरची एक्सजेआर-१५ ही आणखी एक मध्य-इंजिनाची गाडी काढली, जिचे सुमारे पन्नास नग झाले. रांगेत अनामत भरून बसलेल्यांच्या जखमेवर मीठच चोळले गेले. १९९२ मध्ये ताबा देण्याची वेळ आली तेव्हा मंदी आलेली होती, किंमत चार लाख पौंडांच्या वर गेली होती, काही ग्राहक न्यायालयाची पायरी चढले आणि काहींनी पैसे मोजून करारातून सुटका करून घेतली. १९९४ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा गाड्यांची संख्या तीनशेलाही पोहोचली नव्हती.

समीक्षकांसमोर ही गाडी आली ती या सगळ्या बोभाट्यासकट. आकड्यांचा भाग निर्विवाद होता: मार्टिन ब्रंडल यांनी इटलीतील नार्दो येथील वर्तुळाकार मार्गावर १९९२ मध्ये ती ताशी सुमारे ३४२ किलोमीटरपर्यंत आणि धुराची गाळणी काढून इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवल्यावर सुमारे ३४९ पर्यंत नेली, आणि मॅक्लॅरन एफ१ येईपर्यंत इतकी वेगवान उत्पादित मोटार दुसरी नव्हती. रस्त्यावरची तिची स्थिरता आणि खड्ड्यांवरची सहनशीलता यांचेही कौतुक झाले. पण इंजिनाच्या आवाजाविषयी बहुतेकांची नाराजी एकसारखी होती. सुंदर देहातून निघणारी ती घरघर कारखान्यातील यंत्रासारखी वाटते, असा सूर पुन्हापुन्हा लागला. पाय दाबल्यापासून टर्बोला जाग येईपर्यंतचा विलंब, आरशांसह सव्वादोन मीटरच्या घरात जाणारी आणि इंग्लंडच्या खेड्यांतील रस्त्यांना न मानवणारी रुंदी, तसेच शक्तिवर्धक नसल्यामुळे थंडीत जोर मागणारे ब्रेक, हेही नोंदले गेले. मागचे दिवे रोव्हर २०० या साध्या घरगुती मोटारीतून उचललेले आहेत, हे तर चाणाक्ष नजरांनी ताबडतोब हेरले.

या निकालाशेजारी फेरारी एफ४० ठेवून पाहिली, तर काट्याची गंमत कळते. १९८७ मधील ही गाडी म्हणजे एन्झो फेरारी यांच्या हयातीत सिद्ध झालेली शेवटची फेरारी. तिच्यातही इंजिन लहान होते, २.९ लिटरचे आठ सिलिंडरचे. तिलाही दोन टर्बो होते आणि त्यांना जाग येण्याची वाट तिच्यातही पाहावी लागे. तिच्या ब्रेकलाही शक्तिवर्धक नव्हता. आत गालिचा नाही, दरवाजाच्या आतल्या बाजूला मूठ नाही, तर ओढायला नुसती दोरी, आणि बाहेरून नीट पाहिले तर रंगाच्या पातळ थरातून कार्बन-केव्हलारची वीण दिसते. समीक्षकांनी या उघड्यावागड्या रूपाला निर्मळपणा म्हटले आणि आजही म्हणतात. कातडी गाद्या आणि वातानुकूलन देणाऱ्या एक्सजे२२० चे तेच दोष मात्र दोषच राहिले. यामागे इटलीचा नुसता पक्षपात आहे, असे म्हणणे सोपे पण अपुरे आहे. फेरारीने आठ सिलिंडर सांगितले आणि आठ दिले. जॅग्वारने बारा दाखवून सहा दिले. समीक्षकाने हाताळलेली गाडी नेहमी त्या न मिळालेल्या गाडीच्या शेजारी उभी राहून तोलली गेली, आणि कागदावरच्या गाडीत कधी टर्बोचा विलंब नसतो.

या वादात एक गोष्ट जवळपास कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. एक्सजे२२० चा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा व मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ फळ्यांचा असून तो सांधण्याची मुख्य भिस्त वेल्डिंगऐवजी चिकटद्रव्यावर होती. २००३ च्या सुमारास जॅग्वारची मोठी एक्सजे सलून आली तेव्हा तिचा देह ॲल्युमिनियमचा, चिकटवलेला आणि रिव्हेट मारलेला होता. आवाजावर परिच्छेदामागून परिच्छेद लिहिणाऱ्यांनी गोंदाला ओळ दिली नाही, हे समजण्याजोगे असले तरी कॉव्हेंट्रीच्या अभियांत्रिकीत टिकले ते हेच.

तिसरा प्रयत्न भारतीय मालकीत झाला. मुंबईत मुख्यालय आणि पिंपरीत मोठा कारखाना असलेल्या टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलरना जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यावर, २०१० च्या पॅरिस प्रदर्शनात इयन कॅलम यांच्या चमूने सी-एक्स७५ ही मध्यभागी दोन छोटी गॅस-टर्बाइन बसवलेली विद्युत मोटार मांडली. पुढच्या वर्षी विल्यम्स या शर्यत-संस्थेच्या साथीने २५० गाड्यांचा बेत ठरला, टर्बाइनच्या जागी १.६ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन सारे थांबवले गेले. इंजिन पुन्हा बदलले होते, पण या वेळी अनामत घेऊन रांग लावलेली नव्हती. त्यामुळे चाचणीच्या मोजक्या गाड्यांविषयी जे लिहिले गेले त्यात हळहळच अधिक होती. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात तिने रोमच्या रस्त्यांवर खलनायकाची गाडी म्हणून पाठलाग केला, आणि तेवढीच तिची इटलीवारी.

मग २०२१ मध्ये मारानेल्लोतून २९६ जीटीबी आली. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, सोबत विजेची मोटार, एकूण ८३० अश्वशक्ती. भारतात पुढच्या वर्षी तिची एक्स-शोरूम किंमत ५ कोटी ४० लाख रुपयांपासून सुरू झाली. समीक्षकांनी तिच्या स्टिअरिंगवरील स्पर्शाने चालणाऱ्या बटणांवर तोंडसुख घेतले, परंतु आखूड चाकांतरामुळे येणारी चपळाई आणि विशेषतः इंजिनाचा आवाज यांची वाखाणणी केली. कारखान्यात त्या इंजिनाला इटालियन भाषेत ‘छोटे बारा सिलिंडर’ अशा अर्थाचे लाडके नाव आहे. आवाज खरोखरच चांगला आहे, त्यावर मेहनत घेतलेली आहे, आणि तीस वर्षांत टर्बोही पुष्कळ सुधारले आहेत, हे मान्य करावे लागते. तरी दोन्ही गाड्या मागून पाहाव्यात. २९६ च्या पाठीवरील काचेखाली सहा सिलिंडरचे इंजिन प्रदर्शनातील दागिन्यासारखे मांडलेले आहे, आणि एक्सजे२२० च्या पाठीवरही तशीच काच आहे व तिच्याखाली तितक्याच सिलिंडरचे इंजिन.