एआय शोधसाधने आणि स्पर्धकांचा अभ्यास (लेखांक ६)

एआय शोधसाधन आणि नुसता चॅटबॉट यांच्या कामाच्या पद्धतीत फरक आहे. नुसत्या चॅटबॉटचे उत्तर प्रशिक्षणाच्या वेळी वापरलेल्या मजकुरावर उभे असते. त्यानंतर बाजारात काय घडले हे त्याला ठाऊक नसते. शोधसाधन मात्र विचारलेल्या प्रश्नाची फोड करते, इंटरनेटवर शोध घेते, सापडलेली पाने वाचते आणि त्यांतून उत्तर जुळवून सोबत स्रोतांच्या लिंक देते. २०२२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे पर्प्लेक्सिटी, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली चॅटजीपीटीची सर्च सुविधा आणि गुगलचा एआय मोड ही याच जातीची साधने. 'डीप रिसर्च' प्रकारात हाच शोध बराच वेळ चालतो आणि अनेक पाने चाळून सविस्तर अहवाल तयार होतो.

अशा साधनाने केलेल्या स्पर्धकांच्या अभ्यासाची अर्धी मदार प्रश्नावर असते. कुडाळच्या एखाद्या लघुउद्योगाला पुण्या-मुंबईत कोकम सरबत विकायचे आहे असे समजू. 'आमचे स्पर्धक कोण?' एवढेच विचारले, तर 'सर्वोत्तम दहा' छापाच्या याद्यांमधली नावे हाती येतात, आणि अशा याद्या पुष्कळदा जाहिरातीसाठीच लिहिलेल्या असतात. तोच प्रश्न नीट बांधून असा विचारता येतो: 'पुणे व मुंबईत ऑनलाइन मिळणाऱ्या कोकम सिरपचा तक्ता करा. बाटलीचे माप, एमआरपी, घटक आणि विक्रीची ठिकाणे असे रकाने ठेवा. प्रत्येक नोंदीला लिंक द्या. माहिती सापडली नाही तर रकाना रिकामा सोडा.' शेवटची अट गाळू नये. ती नसली की साधन रिकामी जागा अंदाजाने भरण्याचा धोका वाढतो.

तक्ता मिळाला की किमती एकाच मापावर आणाव्या लागतात. ७५० मिलिलिटरची बाटली १८० रुपयांना आणि ५०० मिलिलिटरची १४० रुपयांना असेल, तर १०० मिलिलिटरला अनुक्रमे २४ आणि २८ रुपये पडतात. दिसायला स्वस्त असलेली बाटली प्रत्यक्षात महाग निघते. दुसऱ्या फेरीत ग्राहकांच्या तक्रारी विचाराव्यात. बाटली गळते, साखर जास्त आहे, पार्सल उशिरा येते अशा तक्रारी वारंवार दिसल्या, तर नव्या उत्पादकाला शिरकावाची जागा तिथेच सापडते.

यानंतरचा टप्पा पडताळणीचा. कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने मार्च २०२५ मध्ये आठ एआय शोधसाधनांची चाचणी प्रसिद्ध केली. बातमीतला उतारा देऊन मूळ बातमीचे शीर्षक, प्रकाशक, तारीख आणि लिंक विचारली असता ६० टक्क्यांहून अधिक उत्तरे चुकली होती. त्यामुळे निर्णय ज्या आकड्यावर उभा राहणार, त्याची लिंक उघडून तो आकडा तिथे खरोखर आहे का, हे पाहणे भाग आहे. जुना दर आजचा म्हणून येणे आणि सारख्या नावाच्या दोन कंपन्यांची माहिती एकत्र होणे या चुका विशेष आढळतात.

काही माहिती साधनाच्या हाती लागतच नाही. अनेक खरेदी-संकेतस्थळे स्वयंचलित वाचनाला अटकाव करतात, आणि पिनकोडनुसार उपलब्धता बदलते. कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहावे लागतात. एकल मालकीच्या उद्योगाचे तेथेही मिळत नाहीत. लेबलवरचा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि जीएसटी क्रमांक मात्र सरकारी पोर्टलवर विनामूल्य तपासता येतात. व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणारा घरगुती उत्पादक इंटरनेटवर दिसतच नाही. तो आणि वितरकाला मिळणारे मार्जिन, या दोहोंसाठी दुकानाची पायरी चढावीच लागते.

उलट दिशेची खबरदारीही हवी. स्वतःचा उत्पादनखर्च, ग्राहकांची यादी किंवा न ठरलेले दर प्रश्नात टाकू नयेत. स्पर्धकाकडे खोट्या नावाने लॉगिन करून माहिती काढणे हे संशोधन नव्हे, ती फसवणूक ठरते.

तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे पाहिल्याची तारीख लिहावी आणि दर तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. साधनाने तयार केलेला अहवाल हा कच्चा खर्डा असतो. लिंक उघडून तपासलेल्या नोंदीच तेवढ्या धंद्याच्या निर्णयासाठी धराव्यात.