हुकूमनाम्याच्या कपाळीचा नकाशा

दिवाणी दावा जिंकल्यावर पक्षकार पेढे वाटतो, पण जुना वकील विचारतो, "दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, कुठे लावायची?" निकाल हा शेवटी कागदच. तो घेऊन बेलीफ ऋणकोच्या दारात उभा राहील, तेव्हाच पैसे सुटतील. आणि ते दार सरहद्दीपलीकडे असेल तर? या प्रश्नाने मला पहिल्यांदा थक्क केलं ते ग्वाल्हेरच्या शितोळे सरदारांच्या खटल्यात.

शितोळ्यांनी मे १९४७ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातल्या कोर्टात पैशांचा दावा लावला. प्रतिवादी आजच्या उत्तर प्रदेशातले. ते कोर्टात फिरकलेच नाहीत. नोव्हेंबर १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे राज्यघटना आली, १९५१ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिताही त्या मुलखाला लागू झाली आणि हुकूमनामा वसुलीसाठी अलाहाबादला रवाना झाला. मधली सरहद्द तर पुसली गेली होती! तरीही १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वसुली होणार नाही. निकाल लागला त्या दिवशी ग्वाल्हेरचं कोर्ट कायद्याच्या नजरेत परकं होतं आणि प्रतिवादींनी त्याचा अधिकार कधी मान्य केला नव्हता. देश एक झाला, कागद मात्र परकाच राहिला. हुकूमनामा जन्मतो त्या दिवसाचा नकाशा त्याच्या कपाळी लिहिलेला असतो.

गोव्याची गोष्ट याच्या उलट. मुक्ती १९६१ ची, पण दिवाणी प्रक्रिया संहिता तिथे लागू झाली १५ जून १९६६ ला. त्याआधीचा मुंबईच्या कोर्टाचा एक हुकूमनामा गोव्यात अडला होता. तो तिथे बजावता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं. मुंबईच्या कोर्टाला अधिकार पहिल्यापासून होता, अडली होती ती फक्त वाट.

आज पुण्याचा हुकूमनामा पाटण्याला न्यायचा तर तो तिथल्या कोर्टाकडे वर्ग होतो, बस्स. परदेशी निकालाला मात्र दोन दारं आहेत. ब्रिटन, सिंगापूरसारख्या ज्या देशांना भारत सरकारने राजपत्रातून मान्यता दिली आहे, त्यांच्या वरिष्ठ कोर्टांचा पैशांचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट जिल्हा न्यायालयात दाखल होतो. सोबत प्रमाणित प्रत लागते आणि आजवर किती रक्कम वसूल झाली याचा त्या कोर्टाचा दाखला. परक्या देशातलं कोर्ट आपल्या कोर्टाला हिशेब कळवतं, हे मला फार विलक्षण वाटतं. अमेरिका या यादीत नाही. तिथला निकाल हाती असला तरी इथे त्याच्या आधारे नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या आत.

दोन्ही दारांवर त्याच संहितेचं कलम १३ पहारा देतं. प्रतिवादीला बाजू मांडायची संधी दिली होती का? निकाल गुणदोषांवर झाला की नुसत्या गैरहजेरीवर? त्यात फसवणूक नाही ना? असा एखादा दोष सिद्ध झाला, तर निकाल दारातूनच परत जातो.

१७ जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही मान्यता मिळालेल्या देशांच्या यादीत आहे. म्हणून आखातातून परतलेल्या रत्नागिरीच्या माणसाला दुबईच्या कोर्टाचं समन्स आलं, तर ते कपाटात ठेवू नये, आधी वकिलाला दाखवावं. तिथला पैशांचा हुकूमनामा आता रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात थेट दाखल होऊ शकतो.