भयाचा बाजार आणि कायद्याचे माप

चांदूर बाजार हे गाव आपल्या नावातच बाजार बाळगून आहे. कापूस असो की संत्रे, माल पाहून व पारखून सौदा करावा, ही या मुलखाची जुनी रीत. मापात पाप करणाऱ्यास शेतकरी भर बाजारात सुनावल्यावाचून राहत नाही. मग तोच चोखंदळ मनुष्य मंतरलेला ताईत किंवा धनप्राप्तीचे यंत्र विकत घेताना मापाची गोष्ट का काढीत नाही?

कारण उघड आहे. या बाजारात दलाली भयाची चालते. न हटणारा आजार, न हललेला पाळणा, डोक्यावरचे देणे यांनी गांजलेला मनुष्य गिऱ्हाईक राहत नाही, शरणागत होतो. गुण आला तर श्रेय मांत्रिकाचे. न आला तर दोष गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा! आणि फसलेला इसम लाजेने फिर्याद करीत नाही, हेच या धंद्याचे खरे भांडवल होय.

कायदा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे हा त्यान्वये अपराध असून शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने याच कायद्याच्या आधारे, अलौकिक गुण सांगून यंत्रे विकणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती बेकायदेशीर ठरविल्या.

हा धर्मावर घाला आहे, ही ओरड फोल होय. वारी, कीर्तन व भजन यांस कायद्याने स्पष्ट शब्दांत मोकळीक दिली आहे. याच जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गावे झाडीत आणि रात्री कीर्तनातूनच नवस व पशुबळी यांवर कोरडे ओढीत. त्यांना धर्मद्रोही कोण म्हणेल?

तेव्हा झाडू प्रथम आम्ही वृत्तपत्रकारांनीच हाती घ्यावा. अग्रलेखात बुवाबाजीचा निषेध आणि शेवटच्या पानावर वशीकरणाची जाहिरात, हा दुटप्पीपणा स्वतंत्र राष्ट्राच्या वृत्तपत्रास शोभत नाही. जाहिरातीचा पैसा घेणारा त्या व्यापारातील भागीदारच होय. वाचकांसही आमची विनंती एवढीच की, फसलात तर लाजू नका. पोलीस ठाण्याची पायरी चढा. लाज फसविणाऱ्यास वाटली पाहिजे.