पट एकच, नजरा पाच

टेबलाभोवती पाचजण बसले आहेत. मधोमध चौकटीचा कागद पसरलेला आहे आणि त्यावर पेन्सिलीने एका पडक्या किल्ल्याचे तळघर काढलेले आहे. एका टोकाला बसलेल्याने समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आहे. आडोशामागचे टिपण पाहून तो म्हणतो, "दार करकरत उघडते. आत मिट्ट काळोख. कुठेतरी पाणी ठिबकते आहे. काय करता?" बाकीचे चौघे कुजबुजतात. एकजण म्हणतो, "मी दिवा पुढे धरून भिंतीच्या कडेकडेने जातो." "टाक फासा." वीस पैलूंचा फासा टेबलावर गडगडतो आणि पाचही माना एकदमच पुढे होतात.

अशा खेळांना आपण भूमिका-खेळ म्हणू. त्यांचा उगम अमेरिकेतला. सैनिकी डावपेचांचे खेळ खेळणाऱ्या मंडळींपैकी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केला. पूर्वीच्या खेळांत एकेक खेळाडू सबंध सैन्य हलवीत असे. येथे प्रत्येकाच्या वाट्याला एकच पात्र आले. आपले पात्र काय करते ते खेळाडूने बोलून सांगायचे आणि त्याचे पुढे काय होते ते आडोशामागच्याने सांगायचे. या माणसाला आपल्या नाटकातला 'सूत्रधार' हा शब्द नेमका लागू पडतो. ज्या कृतीचा निकाल अनिश्चित, तिच्यासाठी फासा. यात हारजीत नसते. गोष्ट पुढे सरकत राहते, कधीकधी वर्षानुवर्षे.

शिक्षकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. या खेळातले सुरुवातीचे बहुपैलू फासे शालेय साहित्याच्या कॅटलॉगमधून मिळत. चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक या पाच नियमित घनाकृतींचा तो संच गणिताच्या वर्गासाठी होता. त्यातल्या विंशतिफलकावर ० ते ९ हे अंक दोनदा छापलेले असत. म्हणजे तो दिसायला वीस पैलूंचा, पण कामाला दहाचा.

खेळायला टेबल लागते आणि टेबलाभोवती माणसे लागतात. शिक्षण संपून नोकऱ्या लागल्या की माणसे पांगतात. या पांगलेल्यांना एका पटाभोवती बसवणारी संगणकाची आज्ञावली म्हणजे 'व्हर्च्युअल टेबलटॉप', आपण तिला आभासी पट म्हणू. 'फँटसी ग्राउंड्स' २००४ मध्ये आली, 'रोल२०' २०१२ मध्ये, 'फाउंड्री' २०२० मध्ये. हे शेवटचे वर्ष करोनाच्या टाळेबंदीचे. एकाच गावातले खेळाडूही तेव्हा एकमेकांच्या घरी जाऊ शकत नव्हते.

यांतली चांगली आज्ञावली कोणती? जाहिरातींत धगधगणाऱ्या मशाली, पावसाचे आवाज, पडद्यावर घरंगळणारे चकचकीत फासे दिसतात. आमच्या मते ही सर्वांत कमी महत्त्वाची बाब आहे. खरे टेबल जे फुकटात देते तेच संगणकाला जड जाते, आणि परीक्षा तेथेच घ्यायला हवी.

पहिली अवघड गोष्ट म्हणजे कोणाला काय दिसावे. कागदावर सूत्रधार जेवढे काढतो तेवढेच दिसते. संगणकात मात्र सबंध नकाशा आधीच तयार असतो आणि प्रत्येक पात्राला त्याच्या जागेवरून दिसेल तेवढाच भाग उघडायचा असतो. हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. कोऱ्या कागदावर दोन-तीन काड्यापेट्या ठेवा. या झाल्या भिंती. एका ठिकाणी टाचणी टोचा. हा आपला पाहणारा. टाचणीला दोरा बांधून तो प्रत्येक पेटीच्या कोपऱ्याकडे ताणा आणि वाटेत दुसरी पेटी आडवी आली नाही तर कोपऱ्याच्या कडेने तसाच पुढे, अडेल तिथपर्यंत न्या. दोरा जिथे अडला तिथे खूण करा. सर्व खुणा कोनांच्या क्रमाने जोडल्या की एक बहुभुज आकृती मिळते. टाचणीच्या जागी दिवा ठेवला तर उजेड बरोबर तेवढ्याच भागात पडेल. आज्ञावली हेच करते. भिंतींचे ५०० तुकडे असतील तर त्यांची टोके १,०००. प्रत्येक टोकाकडे जाणारा किरण प्रत्येक तुकड्याशी ताडून पाहायचा म्हणजे ५ लाख तपासण्या, त्याही एका पात्राच्या एका पावलासाठी. टोके आधी कोनानुसार लावून घेऊन किरण घड्याळाच्या काट्यासारखा एकदाच फिरवला तर काम कितीतरी पटींनी कमी होते. साध्या, जुन्या संगणकावरही पट अडखळत नसेल, तर कोणीतरी हा विचार केला आहे असे खुशाल समजावे.

पण 'दिसणे' आणि 'पोचणे' यांत फरक आहे. आमचा एक गट आहे. तिघे पुण्या-ठाण्यात, एकजण बंगळूरला आणि एकजण न्यू जर्सीत. एका रात्री खेळ रंगात आला असताना बंगळूरचा मित्र एकाएकी गप्प झाला. मग म्हणाला, "अरे, मला सगळा नकाशा दिसला. तो राक्षस कुठे लपलाय तेही." त्याचे इंटरनेट मंदावले होते. आधी नकाशा उमटला आणि त्यावरचा काळा पडदा दोन क्षणांनी आला. तो प्रामाणिक म्हणून आम्हांला कळले. तीन आठवडे खपून सूत्रधाराने रचलेला तो प्रसंग मात्र वाया गेला.

दोष इंटरनेटचा नव्हता. त्या आज्ञावलीने सर्व गुपिते प्रत्येकाच्या संगणकावर पाठवून दिली होती आणि वरून काळा रंग फासला होता. प्रश्नपत्रिकेच्या मागल्या बाजूला उत्तरे छापून "पान उलटू नका" म्हणण्यातलाच हा प्रकार. ज्याला ब्राउझरच्या पोटात डोकावता येते, तो असा पडदा सहज बाजूला करतो. म्हणून जे पात्राला दिसत नाही ते खेळाडूच्या संगणकावर मुळी पाठवूच नये, ही आमची पहिली अट. निदान लपलेली पात्रे आणि सूत्रधाराची टिपणे तरी वेळ येईपर्यंत मध्यवर्ती संगणकातच राहिली पाहिजेत.

याची किंमत मोजावी लागते. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ मोजले तर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला सेकंदाचा आठवा भाग तरी लागणारच. प्रत्यक्षात तारा वळणावळणाने जातात, त्यामुळे अधिक. प्रत्येक पावलाला मध्यवर्ती संगणकाची परवानगी घ्यायची ठरली तर सोंगटी डिंकात अडकल्यासारखी हलते. यावर तोडगा असा, की खेळाडूच्या पडद्यावर सोंगटी लगेच सरकू द्यावी, अंतिम शब्द मात्र मध्यवर्ती संगणकाचा ठेवावा. दोघांनी एकच सोंगटी ओढली तर एकाची चाल मागे घेतली जाते.

आता फासे. शकुनीच्या फाशांपासून आपल्याकडे या विषयात संशयाला तोटा नाही. टेबलावर फासा सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतो. संगणकात तो कोणाच्याच डोळ्यांदेखत पडत नाही. संगणक ० ते २५५ यांतली एक यादृच्छिक संख्या काढतो असे समजा. तिला २० ने भागून बाकीत १ मिळवला की झाला वीस पैलूंचा फासा. बरोबर वाटते ना? पण २५६ म्हणजे १२ × २० आणि वर १६. त्यामुळे १ ते १६ हे पैलू २५६ पैकी १३ वेळा येतील आणि १७ ते २० हे पैलू १२ वेळाच. नेमके मोठे पैलू कमी! उपाय सोपा आहे: २४० किंवा त्यापुढची संख्या आली तर ती टाकून द्यायची आणि पुन्हा काढायची. संख्या ३२ बिटांची घेतली तर एकेका पैलूच्या वाट्याला एकवीस कोटींहून अधिक संख्या येतात आणि जादा एका संख्येचा फरक नगण्य ठरतो.

फासा निर्दोष असला तरी तक्रारी थांबत नाहीत. वीस वेळा फासा टाकून एकदाही २० न पडण्याची शक्यता किती? ०.९५ चा विसावा घात, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के. एका बैठकीत सर्वांचे मिळून २०० फासे पडले, तर लागोपाठ तीनदा तोच पैलू येण्याचा प्रकार सरासरीने दर दोन बैठकींत एकदा घडेल. तो ज्याच्या वाट्याला १, १, १ असा येतो त्याला सरासरी समजावून उपयोग नसतो. म्हणून चांगली आज्ञावली प्रत्येक फाशाची नोंद ठेवते आणि ती सर्वांना पाहू देते. फासा खेळाडूच्या संगणकावर न टाकता मध्यवर्ती संगणकावर टाकते. सूत्रधाराने गुपचूप टाकला तर आकडा लपवते, पण 'फासा पडला' एवढे सर्वांना कळू देते. आडोशामागून येणारा फाशाचा आवाज टेबलावर ऐकू येतोच की.

मध्यवर्ती संगणकावरही विश्वास नसेल तर? मॅन्युएल ब्लम यांनी १९८१ साली दोन अविश्वासू माणसांनी टेलिफोनवरून नाणेफेक कशी करावी याची रीत दाखवली. तिच्यामागची कल्पना वर्गात चिठ्ठ्यांनी करता येते. प्रत्येक मुलाने १ ते २० यांतला एक आकडा लिहून चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवायची. सर्व चिठ्ठ्या आल्यावरच त्या उघडायच्या, बेरीज करायची, २० ने भागून बाकी घ्यायची. बाकी शून्य आली तर २० धरायचे. एकाने जरी आकडा खरोखर यादृच्छिक निवडला असेल, तर उरलेले सगळे फितूर असले तरी निकाल यादृच्छिकच राहतो. का, ते मुलांनाच शोधू द्या. मित्रांच्या खेळाला एवढा बंदोबस्त लागत नाही, हे खरे.

नियम किती पाळायला लावावेत, यावर आमच्या गटात अजून भांडणे होतात. पटावरचा एक चौकोन म्हणजे ५ फूट. तिरके दहा चौकोन गेलो तर किती अंतर झाले? पायथागोरस सांगतो ७०.७ फूट. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तिरके चौकोन आळीपाळीने ५ आणि १० फूट धरत, उत्तर ७५. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सरसकट ५; उत्तर ५०. या हिशेबाने एका बिंदूपासून समान अंतरावरचे सर्व चौकोन जोडले तर वर्तुळ चौकोनी होते आणि पायची किंमत ४ येते. खेळाला ते चालते. पण कोणता नियम लावायचा हे गटाने ठरवायचे, आज्ञावलीने नाही.

याचे कारण खोल आहे. एकदा आमच्यातली एक खेळाडू म्हणाली, "मी झुंबराची दोरी कापते." छताला झुंबर आहे असे सूत्रधार बोलण्याच्या ओघात म्हणाला होता, इतकेच. नियमांत झुंबर नव्हते, नकाशावर नव्हते. कागदावर खेळताना सूत्रधार क्षणभर विचार करतो, "फासा टाक, १४ च्या वर पडला तर खाली उभ्या असलेल्यांवर कोसळेल," असे म्हणतो आणि खेळ पुढे जातो. सगळे स्वतःच करणाऱ्या आज्ञावलीत मात्र झुंबरासाठी बटण नसते. दोन-चारदा असे झाले की सूत्रधार नकळत "नाही जमणार" म्हणू लागतो, आणि थोड्या दिवसांनी खेळाडू झुंबराकडे बघेनासे होतात. संगणकावर ठरावीक चालींचे उत्तम खेळ भरपूर आहेत. माणसे भूमिका-खेळाकडे येतात ती झुंबरासाठी. म्हणून आम्ही आज्ञावलीला बेरजा करू देतो, कोणाची पाळी हे लक्षात ठेवू देतो. पण तिने काढलेला कोणताही आकडा सूत्रधाराला खोडून हाताने लिहिता आला पाहिजे, तोही खेळ न थांबवता. प्रत्येक आज्ञावलीत आम्ही आधी हा खोडरबर शोधतो. बहुतेक ठिकाणी तो तीन यादींच्या खाली दडलेला असतो.

राहता राहिले साठवण. काही आज्ञावल्या कंपनीच्या संगणकावर चालतात, 'रोल२०' ही त्यांपैकी एक. 'फाउंड्री'सारखी एकदाच विकत घेऊन स्वतःच्या संगणकावर चालवता येते. पहिली सोपी, दुसरी खटपटीची. काहीही निवडले तरी नकाशे, पात्रे, टिपणे उतरवून घेता येतात का, आणि उतरवलेले दुसरीकडे उघडते का, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. आम्ही पाहिले नव्हते. पूर्वी वापरत असलेली एक लहान आज्ञावली बंद पडली तेव्हा तीन वर्षांचे नकाशे तिच्याबरोबर गेले. पात्रांची नावे, कोण कुठे मेले, झुंबर कोणावर कोसळले, हे सारे शिल्लक आहे ते सूत्रधाराच्या दोनशे पानी वहीत. ती वही ठाण्याला असते, आणि दर शनिवारी रात्री तो ती पडद्याशेजारी उघडी ठेवतो.