कानांची शाळा
१ एप्रिल १९५५ रोजी आकाशवाणी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा आपला धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात तो १९५६ साली आला. परंतु रेडिओलहरींना सरहद्द कोठली? गदिमांची छप्पन्न गीते, सुधीर फडके यांच्या चालींत, आठवड्याला एक अशी प्रसारित झाली.

आकाशवाणीचा दिवस साऱ्या कुटुंबाचा असे. सकाळी भक्तिगीते, दुपारी स्त्रियांचा कार्यक्रम, सायंकाळी शेतकऱ्यांसाठी पीकपाणी व बाजारभाव, शिवाय बातम्या आणि मुलांसाठी गोष्टी.

माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती. वर्तमानपत्र तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. रेडिओ मात्र तिच्याशी थेट बोले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथम मी चढलो, पण शिक्षणाचा आरंभ तिच्या कानांनी केला.