खापराचे गाव मातीतून कसे कळते?

विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या उत्खननात दोन तऱ्हेची खापरे हमखास निघतात: काळी-तांबडी आणि अभ्रकयुक्त तांबडी. नागपूरजवळचे माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि पेंचकाठचे नायकुंड ही त्यांची परिचित ठिकाणे. मौद्याशेजारच्या कुही तालुक्यात अडम येथेही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 1988 ते 1992 या काळात उत्खनन केले. ही भांडी एकाच कुंभारवाड्यातली की गावोगावच्या आव्यांतली, हे नुसते पाहून सांगता येत नाही. आतून काळे, बाहेरून तांबडे भांडे तर गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत सापडते. तो रंग भाजण्याच्या पद्धतीतून येतो.

म्हणून तपासायची ती माती. बहुतेक कुंभार सात किलोमीटरच्या आतूनच माती आणतात, असे डीन अर्नोल्ड यांनी जगभरच्या नोंदी ताडून 1985 मध्ये दाखवले.

या तपासाला नागपूर जिल्हा फार सोयीचा आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट नागपूरच्या आसपास संपतो आणि पूर्वेकडे, रामटेक-भंडाऱ्याच्या बाजूला, नाइस व शिस्ट हे जुने खडक लागतात. बेसाल्टच्या मातीत लोह व टायटॅनियम जास्त, शिवाय ऑजाइट या खनिजाचे कण. पूर्वेकडच्या मातीत क्वार्ट्झ, पोटॅश फेल्डस्पार आणि अभ्रक. कन्हान नदीकाठच्या मौद्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. कन्हान छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून दोन्ही खडकांचा गाळ घेऊन येते. काठावरच्या मातीचे नमुने आधी तपासल्याशिवाय येथील खापराबद्दल काही म्हणणे धाडसाचेच.

पहिली तपासणी स्वस्त आणि बोलकी आहे. खापराचा काप 0.03 मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत घासतात. मग त्यातून प्रकाश आरपार जातो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसतो, तर अभ्रकाच्या चपट्या पापुद्र्यांवर झगझगीत रंग उमटतात. कण गोल असतील तर बहुधा नदीची वाळू. टोकदार असतील तर दगड कुटून मिसळल्याची शंका. अभ्रक सगळ्या अंगात आहे की फक्त वरच्या लेपात, हेही येथेच कळते. लेपातच असेल तर तो दुसरीकडून आणलेला असू शकतो, आणि भांडे परगावचे ठरवण्याची घाई अंगाशी येते.

पुढे क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन वापरून मूलद्रव्यांचे प्रमाण मोजतात. दोन ठिकाणच्या मातींतला फरक एकाच ठिकाणच्या मातीतल्या फरकापेक्षा मोठा असला, तरच हा हिशेब जमतो. जमिनीत पुरलेल्या खापरात पाण्याबरोबर कॅल्शियम, फॉस्फरस मुरतात. त्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विश्वास गोगटे यांनी 1997 मध्ये अशाच कामाचे निष्कर्ष मांडले. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूमुळे गाजलेल्या रूलेटेड नक्षीच्या भांड्यांची खनिजे त्यांनी क्ष-किरण विवर्तनाने तपासली आणि ही भांडी बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली ठरवली. भांड्यांच्या नुसत्या घाटावरून हे कधीच उमगले नसते.

नांगरताना किंवा विटांसाठी माती काढताना जुने खापर निघाले, तर ते घासून धुवू नये, वार्निश तर मुळीच लावू नये. जागा व खोली लिहून ठेवावी आणि नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे.